म्हापशाच्या ताईंना, बाळ झालं नाही तरी

ताई,

तुम्ही फोनवर काही वाचत नाही, तेव्हा तुमच्याकडे मदतीला असलेल्या मुलीने हे तुम्हाला वाचून दाखवावं. नाव मुद्दाम घालत नाही. घातलं तर उद्या तुमच्या जिन्यात रांग लागेल आणि तुम्ही माझ्यावरच उखडाल. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

टेस्ट ट्यूबच्या (आयव्हीएफ) उपचारांनीही आणि तुमच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांनंतरही आम्हाला मूल झालं नाही. दिवस राहिलेत का ते सांगणाऱ्या शेवटच्या बीटा रिपोर्टनंतर आम्ही दोघांनी ठरवलं, आता पुरे. इंजेक्शनं पुरे, हप्ते पुरे. अशा वेळी आभाराचं पत्र कुणी लिहीत नाही, ते बाळाच्या फोटोसकट लिहायचं असतं. पणजीच्या ज्या सेंटरमध्ये आम्ही सुरुवातीला गेलो, तिथली एक अख्खी भिंत तसल्या फोटोंनी आणि पत्रांनी भरलेली होती. रिपोर्ट यायचा असलेल्या बायकांना बरोबर त्याच भिंतीसमोर बसवायचे. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, देव जाणे.

तिथे माझा निकाल मला काउंटरवर मिळाला. मुलीने स्क्रीनवरची नजर न हलवता "निगेटिव्ह आहे हां मॅडम" म्हटलं आणि त्याच दमात पुढच्या सायकलच्या, म्हणजे उपचाराच्या पुढच्या फेरीच्या, पॅकेजचं पत्रक पुढे सरकवलं. दोन सायकल एकदम घेतल्या तर सवलत. माझ्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी बाईने मान खाली घातली. लाज तिला वाटली, काउंटरच्या आत बसलेल्यांना नाही.

त्यानंतर सासूबाईंनी देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवाला पाकळ्या लावून कौल मागितला. उजवी पाकळी पडली, म्हणजे काम होणार. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्या हातात तेवढंच होतं. राग आहे तो सुयांची पहिली माहिती देणाऱ्या त्या गृहस्थांवर. त्यांच्याकडे चकचकीत कागदावर छापलेलं होतं: जर्मनीतला 2002 चा अभ्यास, 160 बायका, सुया घेतलेल्यांत 42.5 टक्के जणींना दिवस राहिले, न घेतलेल्यांत 26.3 टक्के. वर तोंडी हमी. वर एक काळी पूड, "तुमच्या डॉक्टरांना सांगायची गरज नाही" या सूचनेसह.

तीच पूड पर्समध्ये घेऊन मी तुमच्या खोलीत आले होते. तुम्ही पुडी उघडली, वास घेतला आणि म्हणालात, "ही आधी तुझ्या डॉक्टरांना दाखव. माझ्याकडे सुया घ्यायच्या असतील तर तेही त्यांना सांग. लपवून काही करायचं नाही." मग खणातून दोन कागद काढलेत. पहिला तोच जर्मनीचा. दुसरा 2018 चा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 848 बायकांचा. काहींना खऱ्या सुया, काहींना नुसत्या टेकवलेल्या, आत न जाणाऱ्या. बाळ घरी आलं ते खऱ्या सुयांत 18.3 टक्के जणींच्या, खोट्यांत 17.8 टक्के जणींच्या. तुम्ही दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलंत. "फरक नाही, बघ. माझ्या सुयांनी मूल होत नाही. झोप लागेल, धडधड कमी होईल, इंजेक्शनांचे दिवस जरा सुसह्य जातील. हवं असलं तर ये. आज फी नको, घरी जाऊन दोघांनी ठरवा."

ताई, इतक्या ठिकाणी पैसे मोजले, पण "माझ्याकडून हे होणार नाही" असं सांगणारं माणूस मला तुमच्याच रूपात पहिल्यांदा भेटलं. परत येताना कदंबाच्या बसमध्ये मी डिचोलीपर्यंत रडत आले. दुःखाने नव्हे. कुणीतरी मला अक्कल असलेली बाई समजून बोललं होतं, त्याचं.

सुया घ्यायला लागले. घोट्याच्या आतल्या बाजूने चार बोटं वर एक, डोक्याच्या मधोमध एक, हातांत, पायांत. पाव मिलिमीटर जाडीची ती सुई, दर वेळी नवीन पाकीट माझ्यासमोर फाडलेलं. टोचल्याचं फारसं कळायचंच नाही, मग हळूहळू तिथे एक जडपणा उतरायचा. झोप लागायला लागली. प्रोजेस्टेरॉनच्या तेलाच्या इंजेक्शनांनी मागे गाठी धरल्या होत्या, कुशीवर वळणं नको व्हायचं, त्या दिवसांत तुमच्या त्या लाकडी बाकावर मला घोरताना तुम्ही ऐकलंय. (ह्यांना सांगू नका. मी घोरत नाही असं मी लग्नापासून सांगत आलेय.) तुमच्या भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो होता. सोलापूरचा माणूस 1938 मध्ये चीनला गेला आणि ही विद्या घेऊन आला, असं मी म्हणाले तर तुम्ही लगेच दुरुस्त केलंत, "ते 1942 मध्ये तिथेच वारले गे. इकडे आणली ती त्यांच्या पथकातल्या डॉ. बसूंनी, नंतर पुन्हा जाऊन शिकून." खोटं श्रेय तुम्हाला फोटोतल्या माणसालाही द्यायचं नव्हतं.

पण हे पत्र यातल्या कशासाठीच नाही. ते जुलैतल्या त्या दुपारसाठी आहे.

एम्ब्रियो ट्रान्सफरला, म्हणजे तयार गर्भ गर्भाशयात सोडायला, दोन दिवस उरले होते. पाऊस धो धो कोसळत होता. तुम्ही सुया लावल्यात आणि वीज गेली. पंखा थांबला. खिडकी उघडावी तर पाऊस आत, बंद ठेवावी तर घामाची आंघोळ. आणि मग डास आले. सुया लावलेल्या माणसाला डास काय चीज आहे ते कळतं. हाताला तीन, पायाला चार सुया, हलता येत नाही, आणि तो नेमका नाकाच्या शेंड्यावर येऊन बसतो. मी फू फू करत होते. मला हसू येत होतं आणि त्यातच रडूही फुटायला लागलं होतं. आता माझं शरीर डासालासुद्धा हाकलू शकत नाही, असलं काहीतरी डोक्यात आलं.

तुम्ही स्टूल ओढून उशाशी बसलात. कालचा पेपर घडी करून घेतलात आणि वारा घालायला लागलात. चेहऱ्यावरून पायांकडे, पायांकडून परत चेहऱ्याकडे. बाहेर दोघंजण थांबलेले, त्यांना "उशीर होईल, बसा" एवढंच. माझ्या डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, ते तुम्ही पदराच्या टोकाने टिपलंत, सुईला धक्का न लावता. "हालूं नाका. हांव आसां न्हय." हलू नका, मी आहे ना. बस्स. देवाची इच्छा, सकारात्मक राहा, माझ्या भाचीला पण दहा वर्षांनी झालं, यातलं काही नाही. वीस मिनिटं वीज आली नाही आणि तुमचा हात थांबला नाही. मध्ये एकदा तुम्ही हात बदललात, तेवढंच.

त्या काळात माझ्या अंगाला कितीतरी हात लागले, ताई. सोनोग्राफीचे, सुयांचे, भुलीचे. बहुतेक सगळे कामापुरते, आणि ते बरोबरच आहे, त्यांना दिवसाला किती बायका बघायच्या असतात. पण आपल्या नात्यातल्या ज्या बायका हळदीकुंकवाला ओटी भरताना माझ्यापाशी आल्यावर घुटमळतात, मला डोहाळजेवणाचं आमंत्रण नवऱ्याच्या फोनवर देतात, त्यांच्याकडे तर वेळ होता ना? चांगुलपणाला पदवी लागत नाही आणि पैसे तर नाहीतच. दुसऱ्या हॉस्पिटलातली ती केरळची नर्स तेलाची ती कुपी दोन तळव्यांत घोळवून कोमट करून मगच सिरिंजमध्ये भरायची, म्हणजे कमी दुखतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. असली माणसं आहेत, हे मला आजारपणानेच दाखवलं म्हणायचं. आता आजारपण तरी कसं म्हणू, ते असो.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा मी तुम्हाला फोन केला नाही, सरळ आले. तुम्ही काही विचारलं नाहीत. बाकावर चादर घातलीत, सुया लावल्याच नाहीत आणि निजायला सांगितलंत. त्या दिवशीचे पैसे ठेवले तर मागून जिन्यात धावत येऊन परत दिलेत. ते माझ्याकडे तसेच आहेत, आणि मी ते तुमच्यावर खर्च करणार आहे, भांडून का होईना.

आता कामाचं. ह्यांची कंबर धरलीय, गाडीवरून उतरताना कण्हतात. सुईला जाम घाबरतात, माझी इतकी इंजेक्शनं बघूनसुद्धा. पुढच्या शुक्रवारी बाजार करून त्यांना तुमच्याकडे घेऊन येते. तेवढे ते खणातले कागद सुया लावून झाल्यावर दाखवा. आधी दाखवलेत तर त्यांना पळून जायला निमित्तच हवंय.

तुमची,
डिचोलीची बाय