मंत्रिमहोदय, आमच्या ह्यांना पुन्हा कोर्टात का ओढता?

माननीय मंत्रिमहोदय,
सादर प्रणाम.

जुलैत आमच्या तालुक्यात माजी सैनिकांचा मेळावा झाला, त्याला तुम्ही आला होता. शाल-श्रीफळ झाल्यावर माईकवरून म्हणालात, "माझ्या एकाही जवानाला हक्काच्या पैशांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही." बायकांच्या तिसऱ्या रांगेत मी होते. टाळ्या मीही वाजवल्या. गेल्या मंगळवारी मुंबईहून आमच्या वकिलांचा फोन आला. सैन्यदलांच्या ट्रायब्युनलने ह्यांच्या अपंगत्वाच्या पेन्शनबद्दल फेब्रुवारीत आमच्या बाजूने दिलेल्या निकालाविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात गेलंय. शब्द पाळलात म्हणायचा. पायरी आम्ही चढत नाही, तुम्हीच बखोट धरून वर नेताय.

आमचे हे 2002 साली बेळगावला भरती झाले. पुढे अडीच वर्षं राष्ट्रीय रायफल्समध्ये, काश्मिरात कुपवाड्याला. तिथे रस्त्यात पुरलेल्या सुरुंगाने पुढची गाडी उडाली. त्या गाडीत कोण होतं ते मला लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर कळलं, तेही ह्यांनी झोपेत मारलेल्या हाकेवरून.

2019 मध्ये मेडिकल बोर्ड बसलं. आजार मान्य: पीटीएसडी, म्हणजे जिवावरच्या प्रसंगाचा मनात राहिलेला धसका. अपंगत्व 30 टक्के, तेही आयुष्यभराचं. पण पुढच्या रकान्यात लिहिलं की आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. इंग्रजी आद्याक्षरं जोडून फौजेत ह्याला 'नाना' म्हणतात. (आमच्या घरात नाना म्हणजे थोरले दीर. बिचारे उगाच दचकतात.) कारण काय, तर आजार उघड झाला तेव्हा हे पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत होते. तिथे गोळीबार नाही, बर्फ नाही, मग मनाला काय धाड भरली?

मी बारावी झालेली बाई. पण ह्या आजाराचं नाव 1980 पासून वैद्यकाच्या पुस्तकात आहे आणि तो सहा महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनीही वर येतो, एवढं मी वाचलंय. जीव धोक्यात असतो तोवर माणूस राखण करतो. कोसळतो तो जागा शांत झाल्यावर. म्हणजे पीस स्टेशनलाच ना? पण तुमचा रकाना आजार कुठे दिसला ते विचारतो, कुठून आला ते विचारत नाही. शिवाय वैद्यकीय श्रेणी उतरली की बढती अडते, म्हणून ह्यांनी तीन वर्षं कंपनीत ब्र काढला नाही. ते गप्प राहणंच आता ह्यांच्याविरुद्धचा पुरावा झालंय.

गेल्या दिवाळीचं सांगते. नरकासुराची रात्र, वाड्यावाड्यावर पुतळे, पहाटेपर्यंत डीजे. चारच्या सुमारास आमच्या वाड्यावरचा नरकासुर पेटवला आणि पोटात भरलेले फटाके एकदम फुटले. मी उठले तर हे अंथरुणात नव्हते, मुलगीही नव्हती. दोघं न्हाणीत सापडली. ती खाली पालथी, हे तिच्यावर आडवे, दोन्ही हातांनी तिचं डोकं दाबून धरलेलं. "खाली राहा, खाली राहा," एवढंच चाललं होतं, हिंदीत. फरशीवर आपटून तिची हनुवटी फुटली, तीन टाके पडले. ती सहा वर्षांची आहे. यंदा तिने आतापासूनच विचारलंय, "बाबांना दिवाळीला मामाकडे पाठवायचं का?" हे कुठल्या रकान्यात लिहू?

बोर्डाविरुद्ध फौजेकडे केलेल्या पहिल्या अपिलाला अकरा महिने लागले, उत्तर पाऊण पान. दुसऱ्याला सव्वा वर्ष, उत्तर अर्धं पान. वाक्यं तीच, तारीख तेवढी निराळी. दोन्ही वेळा ह्यांना कुणी समोर बसवून एक प्रश्न विचारला नाही, मला तर नाहीच. अपील म्हणजे आधीचाच कागद नव्या टेबलावर. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतला धरायचा आणि शंकेचा फायदा जवानाला द्यायचा. बोर्डाने कारणं दिलीच पाहिजेत, हे 2025 मध्ये पुन्हा बजावलं. तुमच्या लोकांपर्यंत टपाल पोचत नाही का?

आणि हे सगळं कितीसाठी? शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात. ह्यांचे 30 टक्के सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाप्रमाणे 50 धरले तरी महिन्याला सहा हजारांच्या आसपास. हिशेब माझ्या वहीतला आहे, शे-दोनशे इकडेतिकडे होतील. तुमच्या सरकारी वकिलाची एका तारखेची फी किती, तेवढं कळवा. उरलेली बेरीज मी करते.

आपले पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये तज्ज्ञांची समिती बसली होती. अपंगत्वाच्या पेन्शनवरून जवानांविरुद्धची अपिलं मागे घ्या, असं तिने सुचवलं होतं. 2023 मध्ये ट्रायब्युनलवरून उच्च न्यायालयात जायची वाट पुन्हा उघडली. आम्हाला वाटलं, गरिबाला दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय गाठायला नको म्हणून उघडली. त्या वाटेने सरकारच पुढे धावलं! पर्वरीला उच्च न्यायालय आहे, कदंबाच्या बसने आम्ही दीड-दोन तासांत पोचलो असतो. पण प्रकरण मुंबईचं, म्हणून हेलपाटा मुंबईचाच.

दर 19 डिसेंबरला तुम्ही लोक गोवा मुक्त करणाऱ्या 1961 च्या सैन्याचे गोडवे गाता. मेलेल्या जवानाला तुमच्याकडे हार आहे, धडधाकट जवानाला सलाम आहे. जिवंत आहे पण रात्री झोपत नाही, असा जवान दिसला की तुम्हाला एकदम तिजोरी आठवते. रस्त्याच्या ठेकेदाराला मुदतवाढ देताना आठवते का हो? त्याला कोण विचारतं, खड्डा तुझ्यामुळे पडला की आधीपासून होता?

मागणं मोठं नाही. हे अपील मागे घ्या. आणि अपील ऐकणाऱ्यांना सांगा, माणसाला एकदा समोर बसवा, घरच्या बाईला विचारा.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. थिवीहून रात्रीच्या गाडीची दोन तिकिटं काढलीत, ह्यांना वरचा बर्थ, दारापासून लांब. रत्नागिरीपुढचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. तेवढा वेळ मी खाली उभी राहून ह्यांचा हात धरते. त्याआधी तुमचं उत्तर आलं तर तिकिटं रद्द करीन. पैसे कापतात, तेवढे सोसू.

आपली,
एका माजी सैनिकाची पत्नी
सत्तरी, गोवा