काका, त्या दिवशी आम्ही परत फिरलो

बडोदे, गुढीपाडवा

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

शाल-श्रीफळाला तुम्ही साफ नकार दिलात. "सत्काराचा दिवस ठरवाल त्या दिवशी मी गावाला जाईन," असं म्हणालात, आणि तुम्ही खरंच गेला असतात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. हिमस्खलनापासून जपायला शिकवून तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते बर्फात जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला कळावं, असं मला मनापासून वाटतं.

आपली पहिली भेट मला कालच्यासारखी आठवते. दांडिया बाजारातल्या एका हॉलमध्ये मी आमच्या हिवाळी ट्रेकचे फोटो दाखवले होते. पांढऱ्याशुभ्र उतारावरून आमची अकरा माणसं एका रांगेत आडवी चालली आहेत, त्या फोटोला टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर सगळे चहाकडे वळले आणि तुम्ही माझ्याकडे आलात. "हा उतार किती अंशांचा होता?" मला माहीत नव्हतं. "पस्तिसाच्या आसपास दिसतोय. मग एकेकाने जाण्याऐवजी सगळे एकदम का चालला होतात?" त्याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं सांगते, तेव्हा मला राग आला होता. बावीस वर्षं हिमालयात जाणारी मी, माउंट अबूला प्रस्तरारोहणाचे धडे गिरवलेली, पुढे बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही कोर्स केलेली, बडोद्याहून दरवर्षी माणसं घेऊन जाणारी. आणि हे कोण?

तुम्ही कोण ते नंतर कळलं. सातारा जिल्ह्यातलं गाव, फौजेतली नोकरी, त्यातले कितीतरी हिवाळे बर्फातल्या चौक्यांवर, आणि निवृत्तीनंतर मुलीजवळ कारेलीबागेत घर. तुम्ही स्वतःहून यातलं काही सांगितलं नाहीत. पुढच्या रविवारी फक्त घरी आलात आणि आईकडे परात मागितलीत.

ती परात मी कधीच विसरणार नाही. तळाला कणीक दाबून बसवलीत. त्यावर बोटभर साखर पसरलीत, आणि साखरेवर मैदा चाळणीने चाळून तळहाताने हलकेच थोपटलात. मग परातीची एक बाजू हळूहळू उचलायला लागलात. काहीच झालं नाही. आणखी थोडी उचललीत, तरी नाही. आई म्हणाली, "घट्ट बसलंय की!" तुम्ही वरून चमचाभर मैदा टाकलात आणि बोटाने एक टिचकी मारलीत. मैद्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सरळ भेग धावली आणि अख्खी लादी ओट्यावर आली. साखर खाली तशीच चमकत होती.

"बर्फ पडताना कोणी बघत नाही, सगळे पडून झाल्यावर बघतात," तुम्ही म्हणालात. मग समजावलंत. निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्री जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास असतो आणि वरचा कितीतरी खाली उतरतो. आतली वाफ वर सरकते आणि मधल्या कणांना कोन फुटतात. ते साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. थर पातळ आणि थंडी जास्त असली की हे अधिकच होतं. त्यानंतर पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ, येतो, फूट-दोन फूट नवा बर्फ त्या साखरेवर बसतो. वर वारा असेल तर तो धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला, वाऱ्याआडच्या उतारावर नेऊन टाकतो. आभाळ स्वच्छ, ऊन पडलेलं, आणि उतारावर मात्र भार वाढतच असतो. तीस ते पंचेचाळीस अंश हा लादी सुटण्याचा मुख्य पट्टा. आपल्याला चालायला आणि स्कीइंगला आवडणारे उतारही नेमके तेच. आणि ज्यात माणसं मरतात त्यातले बहुतेक हिमस्खलन त्या माणसांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेले असतात, हे ऐकून आई परात घासायचीच थांबली.

नंतरचे सहा रविवार सिंधरोटला, मही नदीच्या वाळूत. बेचाळीस अंश उन्हाच्या गावात राहून हिमस्खलनाचा सराव कसा करणार, असं लोक आम्हाला विचारायचे. तुम्ही बीकन, म्हणजे बर्फात गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारं संदेश-यंत्र, पिशवीत घालून वाळूत पुरायचात आणि आम्ही शोधायचो. सगळे बीकन 457 किलोहर्ट्झवर बोलतात, कंपनी कुठलीही असो, हे मला ठाऊक होतं. पण शोधताना खिशातला मोबाइल निदान पन्नास सेंटिमीटर लांब हवा, नाहीतर बीकनची वाचा बिघडते, हे मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. माझा मोबाइल छातीच्या खिशात असायचा. बीकनला लागूनच.

पहिल्या रविवारी शोधून, प्रोब (चाचपायची लांब सळई) मारून, खणून काढायला मला एकोणीस मिनिटं लागली. तुम्ही रागावला नाहीत, नुसता हिशेब सांगितलात. दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहांतले नऊ जण जगतात, अर्धा तास उलटला तर तिघांतला एखादाच. म्हणजे खालच्या गावातून मदत येईल, हेलिकॉप्टर येईल, या साऱ्या गोष्टी निरर्थक. जो तिथे उभा आहे तोच वाचवणारा. सगळ्यात जास्त वेळ खणण्यात जातो, म्हणून फावड्यावर तुम्ही सगळ्यात जास्त घाम काढलात. प्रोब लागला की तो तिथेच रोवून ठेवायचा, डोक्यावरून खाली खणायचं नाही. उताराच्या खालच्या अंगाला, जेवढी खोली त्याच्या दीडपट लांब जाऊन, तिथून आडवं आत शिरायचं. पुढच्याने तोडायचं, मागच्यांनी वल्हवल्यासारखं मागे ढकलायचं, दम लागायच्या आत जागा बदलायची. सहाव्या रविवारी आमचे साडेसात मिनिटं झाले तेव्हा काकूंनी डब्यातून भाकरी आणि ठेचा काढला.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहिते. तुम्ही दर मिनिटाला मोठ्याने आकडा पुकारायचात. वीस झाले की मात्र गप्प व्हायचात आणि नदीकडे तोंड करून उभे राहायचात. आम्हाला वाटायचं, आम्ही हरलो म्हणून. काकूंनी एकदा सांगितलं की एका हिवाळ्यात तुम्ही चार तास खणत होतात. त्यानंतर आम्ही कोणीच वाळूत हसत-खिदळत फावडं मारलं नाही.

हे सगळं एकीकडे. पण तुम्ही ज्याला खरा कोर्स म्हणायचात तो आमच्यासारख्या जुन्या माणसांसाठी होता. नवख्याला भीती असते, तो विचारतो. जुना विचारत नाही. हिमस्खलनाचे अभ्यासक इयान मॅकमन यांनी 2004 साली अमेरिकेतल्या 715 हिमस्खलन-अपघातांचा जो अभ्यास मांडला तो तुम्ही आम्हाला कितीदा ऐकवलात! माणसं कशाने फसतात, तर ओळखीचा उतार, ठरवलंय तर गाठूच हा हट्ट, पुढे कोणाची तरी पावलं उमटलेली, आणि सोबत एक "जाणकार" ज्याला कोणी टोकत नाही. तुम्ही थांबलात आणि माझ्याकडे बघितलंत. आमच्या गटात ती जाणकार मी होते.

तुम्ही म्हणालात, "बर्फ खोटी शाबासकी देतो. चुकीच्या उतारावरून दहा वेळा सुखरूप गेलात की अकराव्यांदा तुम्हाला वाटतं, आपल्याला कळतं." त्या रात्री घरी येऊन मी माझ्या जुन्या फोटोंचा एकेक अल्बम उघडला. माझ्या बावीस वर्षांतलं ज्ञान किती आणि नशीब किती, हे मला आता कोणीच सांगू शकत नाही.

द्रौपदी का डांडाचा विषयही तुम्हीच काढलात. 4 ऑक्टोबर 2022. त्या शिखराच्या वाटेवर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतले 29 जण हिमस्खलनात गेले. त्यात सविता कंसवाल होत्या, ज्यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही सर केली होती. आमच्यातला एक जण "त्यांनी असं करायला हवं होतं" असं सुरू करणार तेवढ्यात तुम्ही हात वर केलात. "त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं, असं मी म्हणू शकत नाही. तुम्हीही म्हणू नका."

मग नियम घालून दिलेत. आदल्या रात्री, पोट भरलेलं आणि डोकं शांत असताना, उद्याचे कुठले उतार बंद ते वहीत लिहायचं. दिवसा आणखी उतार बंद करता येतील, पण लिहिलेला बंद उतार उघडता येणार नाही. बर्फात तीस सेंटिमीटर चौरस खांब कापून त्यावर दहा टपल्या मनगटाने, दहा कोपराने, दहा खांद्यापासून मारायच्या. पण खांब "नाही" म्हणाला, म्हणजे त्यातला थर निसटला, तर ऐकायचं, "हो" म्हणाला म्हणून बंद उतारावर जायचं नाही. आणि बोलताना सगळ्यात नव्याने आधी बोलायचं, गटप्रमुखाने शेवटी. एकानेही नको म्हटलं की सगळे परत. कारण विचारायचं नाही.

आता फेब्रुवारीतलं सांगते, कारण फोनवर मी नीट बोलले नव्हते.

मनालीजवळच्या सोलंगच्या वर होतो, सहा जण. दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशी लख्ख उघडलं होतं. धारेवरून बर्फाचा धूर उडत होता आणि तो आमच्याच बाजूला येत होता. उतार मोजला, चौतीस अंश. मी तिथून आधी दोनदा गेले होते. पलीकडच्या सोंडेवर पोचायला पाऊण तास, आणि मधोमध दुसऱ्या कोणाच्या तरी ताज्या पावलांची ओळ. कडेच्या सपाटीवर उभे असताना पायाखालून "धप्प" असा बसका आवाज आला, पोतं खाली टेकवल्यासारखा. खालची साखर खचल्याचा तो आवाज सगळ्यांनी ऐकला, पण बोललं कोणीच नाही. मग आमच्यातली सगळ्यात धाकटी, तेवीस वर्षांची, पहिल्यांदाच बर्फात आलेली, अगदी हळू म्हणाली, "ताई, मला नको वाटतंय."

काका, "अगं, मी दोनदा गेलेय इथून" हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पहिला शब्द तर उच्चारलाही होता. मग मला सिंधरोटच्या वाळूत नदीकडे तोंड करून उभे असलेले तुम्ही दिसलात. मी तोंड मिटलं आणि दोरी गुंडाळायला घेतली.

तो उतार त्या दिवशी सुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी दुसऱ्या गटातली माणसं पलीकडून हसत आली आणि आमच्यातला एक जण रात्रभर माझ्याशी धड बोलला नाही. त्याने वर्षभर या ट्रेकसाठी पैसे साठवले होते, त्याचंही बरोबर होतं. मला स्वतःलाच वाटायला लागलं की आपण फार लवकर माघार घेतली. म्हणून तुम्हाला फोन लावला. सगळं ऐकून तुम्ही एवढंच विचारलंत, "सगळे जेवलात का?" मी हो म्हटलं. "बरं झालं. झोपा आता." फोन ठेवल्यावर मी स्लीपिंग बॅगमध्ये तोंड खुपसून खूप रडले. काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही.

जो रुसला होता त्याने परतीच्या गाडीत, रतलाम गेल्यावर, त्या धाकटीला आपल्या डब्यातला शेवटचा ठेपला दिला. पुढच्या खेपेला आपण दोघं जोडीने बीकन शोधू, असं तिला म्हणालाही.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. तीन बीकन स्वतःच्या पेन्शनमधून आणलेत, गुडघे दुखत असताना वाळूत खड्डे खणलेत, माझा राग, माझा तोरा, सगळं निमूट सोसलंत. माझ्याबरोबर जी माणसं जातात त्यांच्या आई-बापांच्या वतीनेही मी तुमचे आभार मानते. त्यातल्या बहुतेकांना तुमचं नावही माहीत नाही.

दिवाळीनंतरच्या तुकडीसाठी आतापर्यंत नऊ नावं आली आहेत, त्यातले सात जण दहा-दहा वर्षं डोंगरात जाणारे. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून आणखी चार बीकन घ्यायचं ठरवलंय, त्याला मात्र नाही म्हणू नका. तुमचा लांब प्रोब माझ्याकडेच राहिलाय, तो रविवारी सकाळी सहाला सिंधरोटला घेऊन येते. आईने विचारलंय, साखर किती लागेल.

तुमची विद्यार्थिनी,
दांडिया बाजार