उद्यमनगरच्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. ‘गाडी पळतीय न्हवं? मग झालं तर,’ म्हणता आणि फोन ठेवता. म्हणून चारचौघांत लिहितोय. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ज्यांची ऊठबस आहे त्यांना कळेलच.

माझी स्कोडा ऑक्टाव्हिया वीआरएस तुमच्या दारात आली ती ‘टर्बो गेलेली गाडी’ असा शिक्का घेऊन. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. 1781 सीसीचं, 150 अश्वशक्तीचं इंजिन. वय झालं असलं तरी अंगात रग असलेली गाडी. टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप, म्हणजे डाउनपाइप, गंजला होता म्हणून पुण्यात स्टेनलेस स्टीलचा, मोठ्या व्यासाचा बसवून घेतला. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर दोन्ही जागेवर ठेवून. गल्लीतली म्हातारी माणसं दचकावीत असला आवाज मला नकोच होता. टर्बोचं धुराच्या बाजूचं चाक म्हणजे टर्बाइन. तिच्यापासून धूर बाहेर पडायची वाट मोकळी झाली की तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो आणि टर्बो लवकर जागा होतो. झालं उलटंच. सावकाश चालवली तर काही तक्रार नाही, पण पाय दाबला आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, भरू लागला की मधेच फुस्स व्हायचं आणि गाडी बसायची. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकला ओलांडता येईना. सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी, पेट्रोलचा खप वाढलेला.

तुमच्याकडे येण्याआधी मी जिथे जिथे गेलो, तिथल्या लोकांबद्दल अजून मनात राग आहे आणि तो लपवत नाही. एका चकचकीत वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, पी0299 कोड आला आणि लगेच नव्या टर्बोचं कोटेशन हातात. त्या कोडचा अर्थ एवढाच, की गाडीच्या कॉम्प्युटरने मागितला तेवढा बूस्ट मिळत नाहीये. का मिळत नाही, हे तो कोड सांगत नाही. ते शोधणं हेच तर त्यांचं काम होतं! दुसऱ्यांनी बॉनेटसुद्धा नीट न उघडता सांगितलं, ‘बॅकप्रेशर गेलं, म्हणून ताकद गेली.’ बॅकप्रेशर म्हणजे धुराच्या वाटेतला उलटा दाब, आणि टर्बोला तर तो जितका कमी तितका बरा. टर्बोच्या गाडीबद्दल हे बोलायला धाडस लागतं. आणि दोन्हीकडे आत जायला मज्जाव. काचेपलीकडे आपली गाडी उघडी पडलेली, आणि आपण सोफ्यावर बसून मशीनची कॉफी प्यायची.

तुम्ही काय केलंत ते मी विसरू शकत नाही. इंजिन गार होऊ दिलंत. एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा पाइप काढलात. मला हाक मारलीत. आधी स्वच्छ फडकं दिलंत आणि म्हणालात, ‘साहेब, बोटं पुसा. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतंय ते, एक कण बी आत जाता कामा नये.’ मग बॅटरी माझ्या डाव्या हातात दिलीत आणि उजव्या हाताची दोन बोटं टर्बोच्या शाफ्टच्या, म्हणजे पंख्याच्या दांड्याच्या, टोकाच्या नटावर नेऊन ठेवलीत. ‘आडवा हलवा.’ जरासा हलला. माझा चेहरा उतरलेला तुम्ही पाहिलात. ‘तेवढा हलायलाच पायजे. आत तेलाच्या थरावर तरंगतोय, इंजिन चालू झालं की तेलच त्याला मधोमध धरतंय. आता आत-बाहेर वढा.’ ओढला. तसूभर सरकला नाही. ‘आता पात्यांवर बॅटरी मारा. घासल्याची खूण दिसतीय?’ एकही नव्हती. ‘मग टर्बोला काय झालंय? धडधाकट हाय त्यो.’

मिस्त्री, तुम्ही नुसतं तोंडाने सांगितलं असतंत तरी मी विश्वास ठेवला असता. एव्हाना मी कोणावरही विश्वास ठेवायला तयार होतो, इतका टेकीला आलो होतो. पण माझ्या गाडीचा निवाडा तुम्ही माझ्याच बोटांना करू दिलात. सही करायला कागद पुढे सरकवणारे पुष्कळ भेटले. फडकं पुढे करणारे तुम्ही एकटे.

पुढचं तुमच्या दृष्टीने रोजचं काम. टर्बोच्या त्या उघड्या तोंडाला टोपण, टोपणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरने जेमतेम 15 पीएसआय हवा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या रबरी होजच्या खालच्या अंगाला फेस आला. डाउनपाइप बसवणाऱ्याने उष्णता अडवणारा पत्रा काढला होता आणि परत लावलाच नव्हता. त्या धगीने रबर कडक होऊन चिरलं होतं. एरवी मिटलेली चीर दाब आला की उघडायची. मोजून घेतलेली हवा बाहेर, पेट्रोल मात्र त्या हवेच्या हिशेबाने आत. काजळीचा उलगडाही तिथेच झाला. नवा होज घातलात आणि पत्रा स्वतः कापून, वाकवून बसवलात.

मी त्या पुण्याच्या फिटरला शिव्या घालायला लागलो, तर तुम्ही मान हलवलीत. ‘पाइपाचं वेल्डिंग लई सुरेख केलंय त्यानं,’ एवढंच म्हणालात. समोर गिऱ्हाईक चिडलेलं, आधीच्या माणसाची चूक स्वच्छ दिसतेय, आणि तरी त्याच्या हातातलं चांगलं काम ओळखून बोलायचं, हे मी फार थोड्या माणसांत पाहिलंय. असली माणसं तालुक्याच्या एसटी डेपोत असतात, सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर असतात, त्यांच्या दुकानाला मोठी पाटी नसते. आपलं निम्मं आयुष्य त्यांच्या भरवशावर चाललंय असं मला मनापासून वाटतं. बिलातही तुम्ही होजचे पैसे आणि मजुरी लावलीत, पत्र्याचे नाही. विचारलं तर ‘भंगारातला हुता’ म्हणालात.

गाडी आता तिसऱ्यात अशी उचलते की शेजारी बसलेली बायको दरवाजावरचं हँडल धरते. खप पूर्वीसारखा झालाय. तो कोड परत आलेला नाही.

टायमिंग बेल्ट जुना झालाय असं तुम्ही जाता जाता म्हणाला होतात, ते डोक्यात आहे. वॉटर पंपासकट किट मागवलंय. गणपती झाले की घेऊन येतो. या खेपेला धाकटा भाऊही येणार आहे, त्याला गाडीच्या कामात गोडी आहे. त्याच्यासाठीही एक फडकं काढून ठेवा, आणि दुपारच्या चहाचे पैसे तेवढे आम्हाला देऊ द्या.

आपला,
वीआरएसवाला, पुणे