ते हवालदार नव्हेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत 1946 च्या नाविक बंडावरील पानात जे छायाचित्र आहे, त्याखालची ओळ वाचून कपाळावर हात मारला. 'उजव्या दंडावर हवालदाराच्या तीन फिती' म्हणे! नौदलात हवालदार नसतो, हे एकवेळ सोडून देऊ. पण त्या फितींचा हुद्द्याशी काडीचाही संबंध नाही.

त्या चांगल्या वर्तणुकीच्या फिती. रॉयल इंडियन नेव्हीचा गणवेश ब्रिटिश नौदलाच्या बेतावरचा. तिथला जुना हिशेब असा, की 3 वर्षांना एक फीत, 8 ला दुसरी, 13 ला तिसरी. चौथी नाही, कितीही घासा. हुद्दा बघायचा तो फितींच्या वर. दोरखंडाचा वेढा पडलेला एकच नांगर असेल तर लीडिंग सीमन, फुलीसारखे दोन नांगर आणि वर मुकुट असेल तर पेटी ऑफिसर. चीफ पेटी ऑफिसरच्या दंडावर तर नांगरही नसे, त्याची ओळख कफवरची तीन पितळी बटणे. तुमच्या छायाचित्रात फितींवर काहीच नाही. म्हणजे माणूस तीन फिती मिळवूनही साधा खलाशी, आणि तुम्ही त्याला परस्पर बढती दिलीत. अभिनंदन!

आता 'उजव्या'बद्दल. नांगर आणि फिती डाव्या दंडावर. उजवा दंड कामाच्या चिन्हाचा, म्हणजे तोफखान्याच्या तोफा किंवा सिग्नलवाल्याची निशाणे. मग या गृहस्थाच्या फिती उजवीकडे गेल्या कशा? छायाचित्र उलटे छापले आहे. टोपीची पट्टी पाहा, तिच्यावर 'एच.एम.आय.एस.' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) असे लिहिलेले असे. एच, एम, आय ही अक्षरे आरशातही तशीच दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षात आले नसावे. शेवटचा एस मात्र सुरुवातीला येऊन पाठ फिरवून उभा आहे.

वर रंगही भरलेत. पांढऱ्या गणवेशावर लाल फिती! लाल चिन्हे रोजच्या निळ्या गणवेशावर, जरीची खास निळ्यावर. पांढऱ्यावर निळीच.

शेजारच्या चौकटीतला 'त्याच काळातील' बिल्लाही तसलाच. त्यावरच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या आहेत. तो घाट राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीतला, 1953 नंतरचा. जॉर्ज राजाच्या मुकुटाच्या कमानी गोल फुगीर. आपल्या नौदलातून मुकुट 26 जानेवारी 1950 लाच गेला, त्या जागी अशोकाचे सिंह आले. तेव्हा हा दबका मुकुट भारतीय नौसैनिकाच्या बाहीवर कधी येणेच शक्य नव्हते. जुन्या बाजारातला बिल्ला छापण्याआधी निदान कमानी तरी बघायच्या.

आणि खलाशाच्या गळ्यातला तो काळा रुमाल, तुम्ही म्हणता तसा, ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या सुतकाचा नव्हे. नेल्सन गेला 1805 मध्ये, खलाशी गळ्यात काळा रुमाल त्याआधीपासून बांधत होते.

छापील अंकाचे आता काही होणार नाही. ऑनलाइन आवृत्तीत तेवढे छायाचित्र सुलटे करावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, मुंबई