रक्कम गेली कुठं?

संपादक साहेब, नमस्कार.

मी करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत कॉम्प्युटरचं बघतो. आमच्यात दहा दिवसाला बिल निघतं, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), दर सगळं पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये भरतो, रक्कम मात्र हातानं भरत नाही, लिटर गुणिले दर असा जनरेटेड कॉलम केलाय, ती आपोआप येते. मागच्या ऑडिटला साहेबांनी एक्सेलमध्ये यादी मागितली, मी टेबलातली माहिती फाइलीत काढणारी पोस्टग्रेसची कॉपी कमांड मारली, फाइल झाली, खाली १८४० ओळी असा आकडापण आला, पेनड्राइव्ह देऊन चहाला गेलो. परत येतोय तर ऑडिटर म्हणतात, "लिटर आहे, दर आहे, पैसे कुठं आहेत?"

कॉलमच नव्हता फाइलीत. एरर नाही, सूचना नाही, काय नाही.

नंतर शोधलं तर कळलं ही चूक नव्हेच, २०१९ ला पोस्टग्रेसच्या १२ व्या आवृत्तीत जनरेटेड कॉलमची सोय आली तेव्हापासून तसंच आहे, टेबलचं नुसतं नाव दिलं की कॉपी असले कॉलम सोडून देते. आणि कारणपण बरोबर आहे बरं का. या कॉलममध्ये बाहेरून आकडा भरताच येत नाही, मग फाइलीत घातला तर तीच फाइल परत चढवताना डेटाबेस अडून बसणार. बॅकअपमध्येपण रक्कम जात नाही, सूत्र जातं, आणि सूत्रात आजची तारीख वगैरे बदलणारं काही चालत नाही म्हणून हिशोब नव्यानं केला तरी उत्तर तेच. बॅकअपला हेच पाहिजे, माझी हरकत नाही.

पण ऑडिटरला बॅकअप नको असतोय ओ! त्याच्यासाठी कॉपीच्या कंसात सिलेक्ट स्टार, म्हणजे सगळे कॉलम दे, असं लिहायचं, मग सगळं येतं. कमांड तीच, फाइल दोन तऱ्हेच्या. गाळा की, पण गाळलं म्हणून सांगा, ओळी किती ते सांगताच, तिथंच "रक्कम सोडली" म्हणायला काय जातंय?

१८ व्या आवृत्तीत तर कॉलम करताना साठवायचा म्हणून लिहिलं नाही तर तो व्हर्च्युअल होतो, रक्कम डिस्कवरपण नसते, वाचताना काढतात. आपल्या कोल्हापुरातल्या क्लासवाल्यांनी पोरांना हे एकदा करून दाखवावं.

मी त्या दिवशी दुसरी फाइल करून दिली, आणि दुसरा चहा माझ्याच खिशातून गेला.

— दूध संस्थेचा एक कॉम्प्युटर ऑपरेटर, करवीर