रिंगच्या हुकापर्यंत बघायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुम्ही निवृत्त होताय म्हटल्यावर सगळे तुमच्या पुलांबद्दल आणि उंच इमारतींबद्दल बोलताहेत. बोलायलाच हवं. मला मात्र आभार मानायचे आहेत ते ड्रॉइंग तपासताना तुम्ही आम्हाला शेजारी बसवून घेतलंत त्याबद्दल.

आमचं सगळं लक्ष बीम-कॉलमच्या मापांवर असायचं. तुमचं बोट थेट जोडावर पडायचं. "हा भार पुढे कुठे जातो? पायापर्यंत दाखव." सॉफ्टवेअर काहीही म्हणो, कॉलमवरचा भार हाताने काढून पडताळल्याशिवाय ड्रॉइंग तुमच्या टेबलावरून हलत नसे.

साइटवर तुम्ही सळया बांधणाऱ्या फिटरला रिंगचा, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या कडीचा, हुक स्वतः वाकवून दाखवायचात. भूकंपात कॉलमचं कव्हर, म्हणजे सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर, झडलं की ९० अंशांत वाकवलेला हुक उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. १३५ अंशांत वाकवून टोक आतल्या काँक्रीटमध्ये घेतलं तर रिंग पकड सोडत नाही. हे कारण तुम्ही त्यालाही सांगायचात, नुसता हुकूम सोडायचा नाहीत. मला ही तुमची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

आणि १९८१ सालची ती दुर्घटना! अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलातले टांगलेले पादचारी पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा पूल छतापासून खाली येणाऱ्या अखंड दांड्यांवर पेलायचे होते. काम सोपं व्हावं म्हणून दांड्यांचे दोन भाग केले: वरचा पूल छताला टांगला, खालचा वरच्या पुलाला. तुम्ही फळ्यावर आकृती काढून विचारलंत, "आता वरच्या पुलाखालच्या नटवर किती भार?" मूळ आराखड्याच्या दुप्पट, कारण खालच्या पुलाचा भारही आता त्याच नटवर. तेव्हापासून ठेकेदाराकडून 'किरकोळ बदल' म्हणून काहीही आलं, की मी आधी तो जोड नव्याने सोडवते.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'डिझाइन'पुढे गणित करणाऱ्या ज्युनियरचं नाव असायचं, 'तपासणी'पुढे तुमचं. कौतुक झालं की तुम्ही पहिलं नाव पुढे करायचात. कुणी जाब विचारायला आलं, की दुसरं. त्या भरवशावर आम्ही मोकळेपणाने शंका विचारू शकलो. त्याबद्दल मनापासून आभार.

तपासणीला आता मी बसणार आहे. अडलं की फोन करीनच.

तुमची,
एक विद्यार्थिनी