सहा वर्षं सोडवून देणाऱ्या क्लार्कसाहेबांना अनावृत पत्र

आदरणीय आल्फ्रेड कॉर्निंग क्लार्क यांस,

सादर नमस्कार.

तुम्ही १८९६ मध्येच गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते आहे, कारण तुमच्या हयातीत तुमचे जाहीर आभार मानायची सोयच तुम्ही ठेवली नव्हती. योझेफ हॉफमन नावाच्या एका मुलासाठी पन्नास हजार डॉलर दिलेत आणि आपलं नाव पुढे येऊ दिलं नाहीत. अटही घातलीत ती जगावेगळी: अठरा वर्षांचा होईपर्यंत या मुलाने लोकांसमोर पियानो वाजवायचा नाही.

मी ठाण्यात मुलांना पियानो शिकवते. तुमचं नाव आमच्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही, पण ज्या कारखान्यातून तुमचा पैसा आला तो आमच्या घराघरात होता. तुमचे वडील एडवर्ड क्लार्क हे वकील आणि आयझॅक सिंगर यांचे भागीदार. आमच्या आजीच्या पायमशीनवर काळ्या रंगावर सोनेरी अक्षरांत ते सिंगर नाव होतं. अशा असंख्य मशीनांच्या विक्रीतून उभ्या राहिलेल्या संपत्तीतला एक वाटा पोलंडमधून आलेल्या एका मुलाचं बालपण सोडवायला खर्च झाला, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं.

योझेफ हॉफमनची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार. पण हे पत्र माझ्या विद्यार्थ्यांचे आईवडीलही वाचणार आहेत, म्हणून सांगते. २० जानेवारी १८७६ रोजी क्राकूवजवळच्या पॉदगूजे इथे त्याचा जन्म झाला. वडील काझिमिएश हे संगीत दिग्दर्शक, वाद्यवृंदाचे संचालक आणि पियानोवादक, आई गायिका. पाचव्या वर्षी वॉर्सात तो लोकांसमोर वाजवायला बसला. सात वर्षांचा असताना त्याला आंतोन रुबिनस्टाइननी ऐकलं. त्या काळात लिस्टच्या जोडीने ज्यांचं नाव घेतलं जाई असे हे पियानोवादक, त्यांनी या पोराला डोक्यावरच घेतलं. मग युरोपभर दौरे सुरू झाले आणि २९ नोव्हेंबर १८८७ रोजी अकरा वर्षांचा योझेफ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये येऊन पोचला.

तीन हजारांहून जास्त माणसं मावतील असं ते सभागृह. त्या रात्री त्याने बेथोव्हनचा पहिला पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांची मोठी रचना, वाजवला. लोकांनी ओरडून दाद दिली, बायकांनी हातरुमाल हलवले, नावाजलेल्या वादकांचे डोळे पाणावले, असं दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आलं. मी शिक्षिका आहे, त्यामुळे हे वाचताना माझं लक्ष त्याच्या हातांकडे जातं. हॉफमनचे हात मोठेपणीही लहानच राहिले, इतके की स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी जरा अरुंद पट्ट्यांचे कीबोर्ड बनवून दिले. अकराव्या वर्षी ते हात केवढे असतील? त्या हातांनी एवढा वाद्यवृंद मागे घेऊन पूर्ण कॉन्चेर्तो पेलायचा, टाळ्या घ्यायच्या आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

दोन-अडीच महिन्यांत चाळीसहून अधिक कार्यक्रम झाले. बारावा वाढदिवस त्याच धबडग्यात गेला. करार तर याहूनही पुष्कळ अधिक कार्यक्रमांचा होता. न्यूयॉर्कच्या बालछळ प्रतिबंधक संस्थेने या प्रकाराला हरकत घेतली. मुलांवरच्या अत्याचारांविरुद्ध काम करणारी ही जगातली सुरुवातीची संस्था, जेमतेम तेरा वर्षं जुनी. एवढ्याशा मुलाला आठवड्याला इतक्या वेळा रंगमंचावर बसवणं हे त्याच्या प्रकृतीला झेपणारं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथे मला तुमचं खरं मोठेपण दिसतं. हरकत घेणारे योग्यच करत होते, पण हरकतीने घर चालत नाही. हॉफमन कुटुंबाचा संसार त्या पोराच्या दहा बोटांवर उभा होता. बापाला खलनायक ठरवणं सोपं आहे, मी ठरवणार नाही. काझिमिएश स्वतः संगीतकार होते, मुलगा काय चीज आहे हे त्यांना इतरांपेक्षा जास्त कळत होतं, आणि मागणी असताना नाही म्हणायला जे बळ लागतं ते त्यांच्या खिशात नव्हतं. ते बळ तुम्ही दिलंत. नुसतं ‘मुलाला खेळू द्या’ असं सांगणारे तेव्हाही खूप असतील. मुलगा वाजवणार नाही त्या वर्षांचा खर्च कोण उचलणार, याचं उत्तर फक्त तुमच्याकडे होतं.

मोझार्टच्या वाट्याला असा कुणी आला नाही. १७६३ ते १७६६ अशी तीन वर्षं लेओपोल्ड मोझार्ट आपल्या दोन मुलांना घेऊन दरबारादरबारांतून फिरत होते. हेग इथे दोन्ही मुलं विषमज्वराने मरता मरता वाचली. बरी झाली आणि प्रवास पुढे सुरू राहिला.

तुम्हाला हे का सुचलं असेल, याचा मी खूप विचार केला आहे. तुमचे जिवलग मित्र, नॉर्वेचे गायक लोरेंट्स सेव्हेरिन स्कोगार्ड, १८८५ मध्ये गेले. तुमच्या एका मुलाच्या नावात तुम्ही त्यांचं नाव गुंफलंत. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाच्या इतक्या जवळ राहिलेल्याला रंगमंच माणसाकडून काय वसूल करतो ते नक्की दिसत असणार. हा माझा अंदाज झाला. पण टाळ्या वाजवणाऱ्या त्या गर्दीत मुलाच्या थकव्याकडे बघणारी नजर तुमच्याकडे होती, एवढं तर तुमच्या कृतीनेच सांगितलं आहे.

हॉफमन कुटुंब बर्लिनला जाऊन राहिलं. योझेफ आधी मोरिट्स मोश्कोव्स्कींकडे शिकला आणि १८९२ पासून रुबिनस्टाइनकडे. रुबिनस्टाइन तेव्हा ड्रेस्डेनच्या एका हॉटेलात मुक्कामाला असत आणि हा बर्लिनहून आगगाडीने तिथे जाई. असे बेचाळीस धडे झाले. या धड्यांबद्दल हॉफमनने पुढे जे सांगितलं ते मी कितीदा तरी वाचलं आहे. रुबिनस्टाइन त्याला स्वतः वाजवून दाखवत नसत. एकदा ऐकलेला पीस दुसऱ्यांदा आणू देत नसत, कारण मागच्या वेळी काय सांगितलं ते आठवलं नाही आणि आज दुसरंच सांगितलं तर मुलगा गोंधळेल. आधी छापलं आहे ते तंतोतंत वाजव, त्याला पुरा न्याय दिल्यावरही काही घालावंसं किंवा बदलावंसं वाटलं तर खुशाल बदल, अशी त्यांची रीत. असं शिकायला वेळ लागतो. उद्या संध्याकाळी कार्यक्रम असलेल्या मुलाला हे परवडत नाही. त्याला कार्यक्रमासाठी ठरलेला पीस पक्का करावा लागतो, आणि ज्या जागी टाळी पडते ती जागा आणखी घोटावी लागते.

रुबिनस्टाइन स्वतः दहा-अकराव्या वर्षी युरोपभर फिरवले गेलेले बालकलाकार. आपल्या शिष्याला अशी निवांत वर्षं मिळाली याची किंमत त्यांना इतरांहून अधिक कळली असेल.

जानेवारी १८९४ मध्ये योझेफ अठरा वर्षांचा झाला आणि १४ मार्चला हॅम्बुर्गमध्ये पुन्हा लोकांसमोर बसला. वाजवला तो रुबिनस्टाइन यांचाच डी मायनरमधला चौथा कॉन्चेर्तो, आणि वाद्यवृंदापुढे उभे होते स्वतः रुबिनस्टाइन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते वारले. म्हणजे तुमची ती रक्कम वेळेवर आली नसती, तर गुरु-शिष्यांची ही दोन वर्षं जुळून आलीच नसती.

आम्हा मराठी माणसांना अशीच एक गोष्ट माहीत आहे. बेळगावकडचा एक मुलगा मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसंच गायचा, जलसे गाजवायचा. १९३६ च्या सुमारास तो मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे आला आणि गाणं शिकायला बसला. ऐकलेलं हुबेहूब उतरवणाऱ्या त्या मुलाचे पुढे कुमार गंधर्व झाले, आणि ते कुणाचंच हुबेहूब गायले नाहीत. देवधर मास्तरांचं ऋण आम्ही उघड मानतो. तुमचं मानणारं कुणी मला दिसलं नाही.

आता माझ्याकडची गोष्ट. माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी येते. पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून खाली पाट ठेवावा लागतो. एकदा ऐकलेली चाल ती दोन्ही हातांनी वाजवते, तीही डावा हात स्वतःच्या मनाने लावून. साहजिकच सगळ्यांना ती दिसू लागली. सोसायटीच्या गणपतीत बसवा, रील टाका, टीव्हीच्या स्पर्धेत पाठवा. आईवडील भले आहेत, मुलीवर जीव टाकतात. ‘मॅडम, संधी एकदाच येते हो,’ असं तिची आई कळवळून म्हणाली, आणि त्यात लोभ नव्हता, काळजी होती.

त्या आठवड्यात ही मुलगी क्लासमध्ये काय करत होती ते सांगते. जर्मन संगीतकार बाखच्या पत्नीच्या वहीतला जी मेजरमधला मिन्युएट, म्हणजे नाचाच्या चालीतला छोटा पीस, तिला दिला होता. ‘जी’ या सुराला सा धरलं तर त्यातला ‘बी’ हा सूर म्हणजे शुद्ध गंधार. तिचं बोट चुकून शेजारच्या काळ्या पट्टीवर गेलं आणि गंधार कोमल झाला. ती थांबली. पुन्हा तसंच वाजवलं. मग सुरुवातीपासून जिथे जिथे बी येईल तिथे तिथे काळी पट्टी दाबत गेली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘हा रडवेला झाला.’ मी वही उलटून तिला दाखवलं की त्याच वहीत जी मायनरमधला मिन्युएटही आहे, तो रडवेलाच आहे. ती तास संपेपर्यंत एकदा हसरा, एकदा रडवेला असं करत बसली. दिलेला पीस त्या दिवशी पुढे सरकलाच नाही.

परवाच्या कार्यक्रमाची तयारी चालू असती तर तो कोमल गंधार ही चूक ठरली असती आणि मीच तिला ‘पुन्हा, नीट’ म्हणाले असते.

तिच्या आईवडिलांना मी तुमची हकिगत सांगितली. १८८७ ची ती रात्र, ते रुमाल, चाळीसहून अधिक कार्यक्रम, तुमचे पैसे आणि ती सहा वर्षं. पुढचंही सगळं लपवून न ठेवता सांगितलं. हॉफमन मोठा झाला, रशियन संगीतकार रखमानिनोफने आपला तिसरा कॉन्चेर्तो त्याला अर्पण केला, फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेचा तो संचालक झाला. यंत्रांची आवड एवढी की मोटारींच्या धक्काशोषकांसह सत्तरएक पेटंटं त्याच्या नावावर जमा झाली. ती आवड जोपासायला रिकामा वेळ लागतो आणि तो त्याला वेळेवर मिळाला, असं मला वाटतं. उतारवयात त्याला दारूने ग्रासलं आणि हात उतरला, हेही सांगितलं. सहा वर्षांच्या शांततेने आयुष्यभराचं सुख मिळत नाही. पण बारा ते अठरा ही वर्षं त्याची स्वतःची राहिली, ती कुणी हिरावली नाहीत. तिच्या बाबांनी एवढंच विचारलं, ‘म्हणजे तेव्हाही थांबून काही बिघडलं नाही?’ नाही बिघडलं, असं मी छातीठोकपणे सांगू शकले ते तुमच्यामुळे. नुसतं माझं मत म्हणून सांगितलं असतं, तर त्यांना ते पटलं असतं असं मला वाटत नाही.

स्पर्धेचा अर्ज त्यांनी भरला नाही. पुढचं पुढे बघू, असं ठरलं आहे.

हॉफमनने लहानपणी वाजवलेलं काही ऐकायला मिळेल का, असंही त्यांनी विचारलं. १८८७ मध्येच त्याने एडिसनच्या प्रयोगशाळेत मेणाच्या काही नळकांड्यांवर वादन मुद्रित केलं होतं. नामांकित पियानोवादकाचं ते पहिलंच ध्वनिमुद्रण मानतात. त्या नळकांड्या गहाळ झाल्या. म्हणून मी त्यांना २८ नोव्हेंबर १९३७ चं मुद्रण ऐकवलं. तेच मेट्रोपॉलिटन, पहिल्या कार्यक्रमाला पन्नास वर्षं पूर्ण झाल्याचा सोहळा, वाद्यवृंदाचे संचालक फ्रिट्स रायनर, आणि वाजवायला घेतला होता हॅम्बुर्गचाच तो रुबिनस्टाइन यांचा डी मायनर कॉन्चेर्तो.

क्लार्कसाहेब, १८९८ मध्ये योझेफ अमेरिकेत परत वाजवायला आला तेव्हा तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली होती. ज्याच्यासाठी एवढं केलंत, त्याला आपल्या शहरात मोठा झालेला ऐकणं तुमच्या नशिबी नव्हतं, आणि तशी अटही तुम्ही घातली नव्हती. परतफेड म्हणून एखादी मैफल, एखादी अर्पणपत्रिका, भिंतीवर एखादी पाटी, काही मागितलं नाहीत. तुमच्या त्या दानाबद्दल, आणि त्याच्या जोरावर ठाण्यातल्या एका मुलीला मिळालेल्या सवडीबद्दल, मी तुमची मनापासून ऋणी आहे.

आपली नम्र,
ठाण्यातली एक पियानो शिक्षिका